नऊ नंबरचा राष्ट्राध्यक्ष

“आक्का, ऐकलंत का? आपल्या पेठेतला तो सेंटर फॉरवर्ड नगरसेवकाला उभा राहतोय म्हणे.”

“ऐकलं की. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं, मग भाजीवालीनं, आता तू तिसरी. तिकीट कुठल्या पक्षाचं, ते मात्र तिघांचं तीन तऱ्हेचं.”

“फुटबॉलवाल्यानं फुटबॉल खेळावं. गटारं आणि नळाचं पाणी ह्याला काय कळणार?”

“तू वॉर्डाचं काय घेऊन बसलीस! एका सेंटर फॉरवर्डनं अख्खा देश चालवायला घेतला होता. जॉर्ज वेआ, लायबेरियाचा.”

“हे कुठं आलं?”

“आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला. जन्मभर भूगोल शिकवलाय मी, नकाशा आणू का? अमेरिकेतून परत पाठवलेल्या काळ्या लोकांनी वसवलेली वसाहत ती. म्हणून तर राजधानीचं नाव मोनरोव्हिया. मन्रो नावाचा अमेरिकेचा अध्यक्ष होता त्याच्यावरून. त्या गावात दलदलीवर उभी राहिलेली क्लारा टाऊन नावाची झोपडपट्टी आहे. 1966 चा जन्म ह्याचा. आजीनं वाढवलं. पोरगा टेलिफोन खात्यात स्विचबोर्डवर कामाला होता आणि उरलेल्या वेळात बॉल.”

“म्हणजे सरकारी नोकरी होती हातात आणि सोडली? आमच्या घरात असं कुणी केलं असतं तर सासूबाईंनी जेवण टाकलं असतं.”

“सोडली, आणि कॅमेरूनला गेला खेळायला. तिथल्या कोचनं, क्लोद ल रॉयनं, फ्रान्सच्या लीगमध्ये खेळणाऱ्या मोनॅको क्लबात सांगावा धाडला की पोरगं बघण्यासारखं आहे. मोनॅकोचा कोच होता आर्सेन वेंगर. हो, तोच पुढं आर्सेनलला गाजलेला. त्यानं 1988 मध्ये ह्याला उचललं. परका मुलूख, परकी भाषा, पण वेंगरनं पोटच्या पोरासारखं सांभाळलं. पुढं वेआ राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा 2018 मध्ये वेंगरला मोनरोव्हियात बोलावून देशाचा मोठा सन्मान दिला. त्यावर लोक बोललेच. म्हणे, आपल्या गुरूला सरकारी खर्चानं हार घातला.”

“ते बोलणारच. बरं, खेळायला कसा होता, की नुसताच नावाला?”

“नावाला? मोनॅकोनंतर पॅरिस, पॅरिसनंतर मिलान. 1995 मध्ये युरोपातला सगळ्यात मोठा मान मिळाला, बॅलन डी’ऑर. त्याआधी तो फक्त युरोपच्या खेळाडूंनाच द्यायचे. नियम बदलला आणि पहिल्याच वर्षी ह्यानं उचलला. आजपर्यंत आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच देशाच्या खेळाडूला तो मिळालेला नाही. त्याच वर्षाचा फिफाचा सर्वोत्तम खेळाडूही हाच.

“पण ते राहू दे. एक गोल सांगते. 8 सप्टेंबर 1996, मिलान विरुद्ध वेरोना. कॉर्नर वेरोनाचा, म्हणजे सगळी गर्दी मिलानच्या गोलपाशी. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडं गेला आणि तिथं हा उभा, स्वतःच्याच पेनल्टी बॉक्समध्ये. छातीशी गाठोडं धरून बाजारातून वाट काढावी तसा निघाला. मैदानाच्या मध्यावर दोघं-तिघं अंगावर आले. वाटलं, गेला बॉल. हा गर्रकन फिरला आणि त्यांच्या मधून बाहेर. पुढं आणखी एक आला, तोही मागं पडला. शेवटी उजव्या पायानं जमिनीलगत तिरका मारला, गोलकीपरला हात लावायला मिळाला नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणालाही पास नाही. आमच्या घरातला एक जण म्हणायचा, ही मस्ती आहे, पास द्यायला हवा होता.”

“कोण, भाऊजी?”

“नावं नको घेऊस. त्या मिरच्या हलव जरा, एका बाजूनं काळ्या पडायला लागल्यात.”

“हलवते. पण एवढा गुणाचा होता म्हणता, भानगड काहीच नाही?”

“असं कसं होईल! त्याच वर्षी नोव्हेंबरात पोर्तोशी मॅच झाली. मॅच संपल्यावर आत जायच्या बोळात ह्यानं पोर्तोच्या जॉर्ज कोस्टाच्या तोंडावर डोकं आपटलं. नाक फोडलं बिचाऱ्याचं. वेआचं म्हणणं, तो रंगावरून शिव्या देत होता. कोस्टा म्हणाला, साफ खोटं. साक्षीदार कुणी नाही. युरोपच्या स्पर्धांत सहा मॅचची बंदी बसली. आणि गंमत ऐक, त्याच 1996 सालचा फिफाचा ‘फेअर प्ले’ पुरस्कार कुणाला? ह्यालाच!”

“अगंबाई! मारामारी करणाऱ्याला शिस्तीचं बक्षीस?”

“पुरस्कार एका रागासाठी नव्हता, बाकीच्या सगळ्यासाठी होता. आणि खरं सांगू, तो मला पटतो. देशात तेव्हा यादवी चाललेली. टीमला बूट नाहीत, विमानाचं भाडं नाही, फेडरेशन नावापुरतं. लायबेरियाच्या टीमचे कपडे, तिकिटं, बक्षिसी, सगळं हा स्वतःच्या खिशातून भरायचा. खेळायचा हा, पैसे द्यायचा हा, वेळ पडली तर कोचही हाच. त्यात 1996 मध्ये म्हणाला की संयुक्त राष्ट्रांनी देशात लक्ष घालावं. तर यादवीतला बंडखोर म्होरक्या चार्ल्स टेलर, त्याच्या माणसांनी मोनरोव्हियातलं त्याचं घर जाळलं, नातेवाइकांवर हात टाकला.”

“आणि वर्ल्ड कप?”

“तोच तर सल. कधीच नाही. 2002 च्या वर्ल्ड कपला एका गुणानं हुकला. नायजेरियाला 16, ह्यांना 15. एवढा मोठा खेळाडू आणि वर्ल्ड कपचं गवत पायाला लागलं नाही. ते लागलं पोराला. टिमथी, जन्म अमेरिकेतला, खेळतो अमेरिकेकडून. 2022 ला कतारमध्ये वेल्सविरुद्ध गोल मारला, बाप स्टेडियममध्ये बघत होता.”

“चांगलं झालं की! डोळ्यांचं पारणं फिटलं असेल.”

“बापाचं फिटलं, पण तेव्हा तो नुसता बाप नव्हता, राष्ट्राध्यक्ष होता! महिन्याहून जास्त दिवस देशाबाहेर होता त्या वेळी. घरी लोक म्हणायला लागले, तांदूळ महाग झालाय आणि साहेब मॅच बघतायत.”

“थांबा, खुर्चीत कसा बसला ते राहिलंच.”

“तीन दमांत बसला. 2005 ला पहिल्यांदा उभा राहिला. पहिल्या फेरीत सगळ्यात पुढं. दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सर्लीफ बाईंनी हरवलं. बाई हार्वर्डच्या शिकलेल्या, पुढं नोबेल मिळालेल्या. आणि ह्याच्याकडं धड शाळेचा दाखला नाही, ह्याच्यावरून सगळ्यांनी त्याची टिंगल केली. मला इथं तो आवडतो बघ. चाळिशीत शाळेची परीक्षा दिली, मग अमेरिकेत कॉलेज करून पदवी घेतली. आमच्या वर्गातली कितीतरी पोरं एकदा नापास झाली की फिरकायची नाहीत.”

“मग दुसरा दम?”

“2011 ला उपाध्यक्षपदासाठी, तोही हरला. 2014 ला सिनेटवर गेला, तो सर्लीफ बाईंच्याच मुलाला पाडून. आणि 2017 ला जिंकला, सर्लीफ बाईंचे उपाध्यक्ष जोसेफ बोआकाईंना हरवून. 1944 नंतर त्या देशात पहिल्यांदाच एका निवडून आलेल्यानं दुसऱ्या निवडून आलेल्याच्या हाती कारभार शांतपणे दिला. आता कान इकडं कर. ह्याची उपाध्यक्ष कोण?”

“कोण?”

“ज्युएल टेलर. चार्ल्स टेलरची घटस्फोटित बायको.”

“काय सांगता! ज्याच्या माणसांनी घर जाळलं त्याच्या बायकोला शेजारी बसवलं?”

“बसवलं. तिच्या भागातली मतं हवी होती. यादवीतल्या गुन्हेगारांवर कोर्ट बसवावं म्हणून लोक ओरडत राहिले, ते काही ह्याच्या हातून झालं नाही. आल्या आल्या स्वतःचा पगार 25 टक्के कापला, टाळ्या घेतल्या. मग नव्या छापलेल्या नोटा गायब झाल्याचा गोंधळ. चौकशीत नोटांनी भरलेला कंटेनर काही हरवलेला सापडला नाही, पण हिशेब मात्र गबाळा निघाला. 2019 ला हजारो लोक रस्त्यावर उतरले. 2022 ला अमेरिकेनं त्याच्या सरकारातल्या तिघा बड्या अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचारासाठी निर्बंध घातले. त्यातला एक तर ह्याच्या अगदी उजव्या हाताचा माणूस.”

“म्हणजे मी म्हणत होते तेच. बॉल तेवढा कळतो.”

“बॉलचंही ऐक. राष्ट्राध्यक्ष असताना, 51 वर्षांचा असताना, नायजेरियाविरुद्ध मैदानात उतरला. 2018 चा सप्टेंबर. मिलानमध्ये नऊ, पण लायबेरियाकडून खेळताना त्याचा 14 नंबर असायचा, तो नंबर निवृत्त करायचा म्हणून मॅच ठेवलेली. वाटलं, पाच मिनिटं पळून हात हलवत बाहेर येईल. 79 मिनिटं खेळला! बाहेर आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं.”

“आणि जिंकले?”

“1-2 नं हरले. राष्ट्राध्यक्षाला पास कोण नाकारणार, ते वेगळं.”

“मग पुढं? अजून आहे खुर्चीत?”

“छे. 2023 ला त्याच बोआकाईंशी पुन्हा गाठ पडली. म्हातारबाबांना 50.64 टक्के, ह्याला 49.36. मतांचा फरक वीस हजारांच्या आसपास. आपल्याकडं एवढ्या फरकावर कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या, मोर्चे निघाले असते. त्या भागातल्या देशांत तर लष्करवाले टपूनच बसलेले असतात. 2020 पासून माली, बुर्किना फासो, गिनी, नायजर, सगळीकडं बंदूकवाले येऊन बसले. ह्यानं शेवटच्या मतापर्यंत थांबायचंही कारण नाही म्हटलं. बोआकाईंना स्वतः फोन करून अभिनंदन केलं आणि रेडिओवर देशाला सांगितलं, मी हरलो.”

“खरंच?”

“17 नोव्हेंबर 2023. चौदा वर्षं यादवीत होरपळलेल्या देशात.”

“मग आक्का, तुम्ही पेपर तपासले असते तर पास केलं असतं की नापास?”

“सेंटर फॉरवर्ड म्हणून पैकीच्या पैकी. राष्ट्राध्यक्ष म्हणून काठावर पास, आणि तेसुद्धा त्या शेवटच्या फोनच्या मार्कांवर.”