लाकडी मासा आजारी कसा पाडावा

गळाला लावायचा लाकडी मासा घरी घडवायचा असेल तर हात जरा वाकडा चालणारा हवा. एरवी सुतारकामात हा दोष समजतात, इथे ते भांडवल आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्यानं पाहिलं, की मोठा मासा लहानग्यांच्या थव्यात शिरला तरी धडधाकटांच्या वाटेला जात नाही. जो लंगडत पोहतोय त्यालाच गाठतो. १९३६ साली त्यानं बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेलं रोगण वरून दिलं. आपणही याच वाटेनं जायचं. फक्त आतलं चॉकलेट मुलांना द्यावं, म्हणजे कारखान्याला घरचा विरोध कमी होतो.

कारखाना म्हणजे बाल्कनी. भुसा वाळत घातलेल्या कुरडयांवर बसतो, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून कानस चालवावी. परदेशी पुस्तकं बाल्साचं लाकूड मागतात. आपण पांगारा घ्यावा. हलका, मऊ, आणि सावंतवाडीची खेळणी घडवून नकलेत मुरलेला. हौसेनं सागवान घेऊ नये. गळ आणि शिसं अडकवल्यावर तो मासा मंडळाच्या अध्यक्षासारखा बसतो, हलत नाही.

साधारण दहा सेंटिमीटरचा आकार कापून, तासून, पॉलिश पेपरनं घासून झाला की पोटात लांब खाच पाडावी आणि नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची एकच अखंड तार बसवावी. नाकाशी दोरीची कडी, पोटाखाली आणि शेपटीला गळाच्या कड्या. जिताड्यानं लाकूड फोडलं तरी तो तारेला लटकून राहतो. तारेऐवजी कडीचे स्क्रू पिळणारे लोक नंतर मासा केवढा होता ते हातानंच दाखवतात.

आता आजारपण. पोटात शिसं नसेल तर मासा उताणा पडतो, म्हणजे मेलेला. जास्त झालं तर सरळ चालतो. म्हणजे तब्येत उत्तम, आपल्या उपयोगाचा नाही. जाळ्याच्या शिशाचे तुकडे कापून, पिंपात तरंगवून, थोडं थोडं वाढवत जावं. शिसं घरात वितळवू नये, धूर विषारी असतो. हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची जीभ बसवायची. ओढताना पाणी तिच्यावर आदळतं आणि मासा डोलायला लागतो. जीभ आडवी ठेवली तर खोल जातो, उभी ठेवली तर वरच्यावर राहून जास्त झुलतो. तिची खाच केसभर तिरकी गेली की मासा एकाच बाजूला पळतो. डावीकडे पळाला तर नाकाची कडी किंचित उजवीकडे वाकवावी. माझा पहिला मासा पिंपात नुसता गोल फिरत होता. त्याला आजारी म्हणता येईना, चक्कर आलेला म्हणावं लागलं.

रंगाआधी लाकूड सीलरनं बंद करावं, नाहीतर पाणी पिऊन ते फुगतं आणि रंग तडकतो. खवल्यांसाठी लसणाची जाळीदार पिशवी अंगावर ताणून वरून रंग फवारावा. पोटाला बायकोचं नारिंगी नेलपॉलिश. परवानगी आधी मागितली तर मिळत नाही, नंतर मागितली तर उपयोग नसतो. शेवटी इपॉक्सीचा थर. तो सुकेपर्यंत मासा सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर सगळा ओघळ पोटाला जमतो. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ती या कामाला अगदी बेताची. मायक्रोवेव्ह भंगारातला असावा. आमचा नव्हता.

एवढं करून मे महिन्यात रत्नागिरीला गेलो. भाट्याच्या खाडीवर चुलतभाऊ शेजारीच गरवत बसला होता. माझ्या माशाकडे बघून म्हणाला, “छान झालाय. शोकेसला ठेव.” मग त्यानं गळाला जिवंत कोळंबी लावली आणि अर्ध्या तासात जिताडा काढला. मी चौथ्यांदा गरी फेकली तेव्हा मासा कांदळाच्या मुळांत अडकला आणि दोरी तुटली.

ओहोटीला तिकडे जाणाऱ्या कोणाला नारिंगी पोटाचा लाकडी मासा दिसला तर कृपया जपून काढावा, गळ धारदार आहेत. नेलपॉलिशची ती छटा दुकानात मिळेनाशी झाली आहे आणि ही अजून विचारते.