पिवळं कार्ड पिशवीतच राहतं

सायखेड्यात रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं की एकच वाक्य ऐकू येतं, "नाशिकला हलवा." गोदावरीचा पूल, मग चांदोरी, मग हायवे. परवा अशा एका गाडीत मीही होतो. पेशंट द्राक्षबागेत रोजाने जाणारा. बायकोच्या मांडीवर कॅरीबॅग आणि तिच्यात घडीवर फाटलेलं पिवळं रेशनकार्ड. दवाखाना धर्मादाय. काउंटरवरचा पहिला प्रश्न, "डिपॉझिट किती भरताय?" कार्ड कुणी मागितलं नाही. ते दाखवायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

राग येतो तो इथे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. त्यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. तातडीचा पेशंट आधी आत घ्यायचा, निर्धनाकडे अनामत मागायची नाही, हेही त्यातच आहे. पुरावा म्हणून ते पिवळं कार्ड चालतं. ट्रस्ट म्हणून करात सूट घेतली, तेव्हाच हे देणं लागलं.

आम्हाला हे सगळं कळलं ते व्हीलचेअर ढकलणाऱ्या मावशींकडून. त्या दवाखान्यामागच्याच वस्तीत राहतात. आतली फरशी, चादरी, बेडपॅन सगळं त्या वस्तीच्या हातांवर चालतं. मावशी कानाशी येऊन म्हणाल्या, "दादा, लगेच पैसे भरू नका. एमएसडब्ल्यू मॅडमला गाठा." म्हणजे दवाखान्यातल्या समाजसेविकेला. मी विचारलं, तुमच्या घरचं कुणी आजारी पडलं तर? "सासूला सिव्हिललाच नेलं. इथं आपल्याला कोण घेतं?"

मुंबईत परळला, गिरणगावाच्या मधोमध, १९२६ साली केईएम रुग्णालय उभं राहिलं. चाळीतला माणूस तिथे हक्काने जायचा, आजही जातो. नाशिकमध्ये मावशींना स्वतःच्या कामाच्या जागी तो हक्क का वाटू नये? मोफत खाटांचा फलक काउंटरच्या वर, ठळक मराठीत हवा. रोज किती रिकाम्या, तेही त्यावर लिहा. आणि रात्रपाळीला डॉक्टर असतो तसा कार्ड तपासणारा माणूसही बसवा. हार्ट अटॅक ऑफिसची वेळ बघून येत नाही.

मॅडमच्या खोलीला कुलूप होतं. वेळ सकाळी दहाची. बायको कार्ड हातात धरून त्या दारापाशी फरशीवर बसली, आणि मी काउंटरकडे वळलो, पैसे भरायला.