समुद्र नाही, तर बुडता कसे?

धामणगावला रेल्वे आहे, समुद्र नाही. त्यामुळे आम्ही बुडणं मुळातच नियमबाह्य. बोटींचं ज्याला कळतं ते महाराष्ट्र सागरी मंडळ मुंबईत. आमच्या वाट्याला वर्धा नदी आणि तिच्यातला डोंगा. पत्र्याचा, सांध्यांना डांबर फासलेला, आत शिरलेलं पाणी उपसायला एक डालड्याचा डबा. सुरक्षा यंत्रणा म्हणतात ती हीच.

दिल्लीला मात्र आमची फार काळजी. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्या यादीत पैनगंगा-वर्धाही आहे. पट्टा खालच्या अंगाचा असेल, नाव तर आमच्याच नदीचं! उन्हाळ्यात आमच्याकडे तिच्यातून बकऱ्या चालत पलीकडे जातात, पण तो तपशील झाला.

मग 11 ऑगस्ट 2021 रोजी अंतर्देशीय जलयान कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. 1917 चा साहेबाचा कायदा गेला. नव्या कायद्यात बिनइंजिनाच्या नावांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेने, थेट ग्रामपंचायतीपर्यंत, ठेवायची. सहीची शाई वाळते न वाळते तोच 14 सप्टेंबरला वरुड तालुक्यात झुंजला वर्धेत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या नातेवाइकांसह 11 जण बुडाले. इथे हसण्यासारखं काही नाही.

हसू येतं ते नंतर. अपघात झाला की आधी फलक लागतो, 'पाणी खोल आहे'. जणू पाण्याने खोली लपवून ठेवली होती. अपघात मात्र थांबत नाहीत. मे 2024 मध्ये उजनी धरणात वादळी वाऱ्याने बोट उलटून 6 जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गेटवेहून निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिथे तर समुद्रही होता, मंडळही होतं. अंगात जीवरक्षक जाकिटं नव्हती, असं बचावलेल्यांनीच सांगितलं.

नदीवर एका डोंगेवाल्याला म्हटलं, भाऊ, जाकीट घालत जा. तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. "जाकीट घालून जायं कसं फेकू, दादा? अन् मी बुडीन कायले? बुडते ते पाहुणे."

खरं बोलला. पाहुणा डोंग्यात उभा राहतो, कारण बसून फोटो नीट येत नाही. एक उभा राहिला की बाकीचे त्याच्याकडे, म्हणजे एकाच काठाला, झुकतात. डोंग्याला पदवी नसते, पण तोल कळतो, तो उलटतो. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे 13 दरवाजे उघडायची वेळ आली की काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा मिळतो. तो इशारा आम्ही आमंत्रण समजून तिघे-तिघे मोटारसायकलवर बसून पाणी पाहायला निघतो. वाटेत भाजलेली कणसंही मिळतात.

जाकीट मात्र गावात एकदा दिसतं: साहेब पाहणीला येतात तेव्हा. साहेब काठावरच उभे असतात, पण जाकीट घातलेले.

तर मायबाप वाचकहो, नळपट्टी, घरपट्टी, दिवाबत्ती सगळ्याची वही ग्रामपंचायतीत असते. येत्या ग्रामसभेत हात वर करून एवढंच विचारा: आपल्या गावात डोंगे किती, अन् त्यांची वही कुठं हाय?