कपाळावरचा चष्मा

पणदरे, माळेगाव, कोऱ्हाळे या बारामतीकडच्या बागायती पट्ट्यात जेसीबी चालवणाऱ्याला नाव नसतं. म्हणजे आईवडिलांनी ठेवलेलं असतं, आधार कार्डावरही असतं, पण त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही. तो सगळ्यांचा ‘ऑपरेटर’. “ऑपरेटरला च्या दिला का?” “ऑपरेटर जेवला का?” धोंड्याच्या महिन्यात जावयाची होत नसेल एवढी चौकशी बांधावर त्याची होते. कारण मीटर तासावर पळत असतं, आणि उपाशी ऑपरेटर चारी वाकडी काढतो अशी इथल्या यच्चयावत ऊसवाल्यांची समजूत आहे.

ऑपरेटर ओळखायला दोन खुणा पुरतात. पहिली, गळ्यातला टॉवेल, ज्याचा मूळ रंग आता फक्त दुकानदाराला आठवत असेल. दुसरी, कपाळावर चढवून ठेवलेला पारदर्शक चष्मा. हा सेफ्टीचा चष्मा पॉलिकार्बोनेटचा असतो. काचेपेक्षा हलका, बाजूंनी झाकलेला, आणि दगडाची कपची आदळली तरी तुकडे होऊन डोळ्यात जाणार नाही असा. या सर्व गुणांचा लाभ ऑपरेटरचं कपाळ घेतं. या भागात ऑपरेटरच्या कपाळाला कपची लागल्याचं आजवर ऐकिवात नाही.

चष्मा त्याला मिळाला पालखी महामार्गावर. ८ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांच्या हस्ते दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि तुकोबांची पालखी ज्या वाटेनं बारामती, सणसर, इंदापूर करत पंढरीला जाते ती वाट यंत्रांनी भरून गेली. आपला ऑपरेटरही काही महिने तिकडं होता. हेल्मेट, रेडियमचं जाकीट, बूट आणि चष्मा असल्याशिवाय मशीनवर चढायचं नाही, असा तिथं दंडक. ऑपरेटरनं सही करून सगळं सामान ताब्यात घेतलं. पण कपाळापासून डोळ्यापर्यंतचं चार बोटांचं अंतर चष्मा दिवसातून दोनदाच कापायचा. लांबून सेफ्टीवाल्या साहेबांची गाडी दिसली की मुकादम “माऊली!” अशी हाळी द्यायचा. त्या रस्त्यावर ती हाळी कुणालाच वावगी वाटत नसे. साहेबांनाही भक्तिभावाचं कौतुक वाटायचं. गाडी गेली की चष्मा पुन्हा वर.

“लावत का नाहीस रे?” असं विचारलं तर कारणं तयार असतात. “आवं, त्याला घाम येतो.” चष्म्याला. “खड्ड्याचा तळ न्हाई दिसत.” “कानामागं कळ मारती.” यातलं निम्मं खरं आहे, हे कबूल केलं पाहिजे. एप्रिलच्या उन्हात केबिनमध्ये बोटभर पंखा गरम वारा फेकत असतो, काचा उघड्या टाकल्याशिवाय बसवत नाही, आणि स्वस्तातला चष्मा मिनिटात धुरकट होतो. पण तो पुसायचा कशानं? तर त्याच टॉवेलनं, ज्यात डिझेल, ग्रीस आणि मुरमाची भुकटी समप्रमाणात मुरलेली आहे. चार वेळा पुसल्यावर चष्म्यातून पणदरं दिसायचं बंद होतं आणि पहाटेचं महाबळेश्वर दिसायला लागतं.

मशीनच्या बाबतीत मात्र हा माणूस अतिशय सावध. केबिनच्या काचेवर ओरखडा आला तर दोन घास कमी खातो. पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली, खाली उलटी टांगलेली चप्पल. कुणाच्या डोळ्यापासून मशीनला काही होऊ नये, यासाठी एवढा बंदोबस्त. मशीनपासून डोळ्याला काही होऊ शकतं, ही शक्यता या व्यवस्थेत कुठं बसतच नाही. तसं पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं. पिना ठोकताना चष्मा लावा. तेलाची पाइप बारीक गळत असेल तर हात लावून पाहू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीतून आत शिरतं. ही पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली, सीटखाली असते. कंपनीच्या सूचनांवर आपला ऑपरेटर बसलेला आहे, असं कुणी म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

खरी मजा खडक लागल्यावर. वरचा मुरूम संपून विहिरीत काळा पाषाण सुरू झाला की बकेट उतरते आणि ब्रेकर चढतो. ‘टाक-टाक-टाक’ सुरू झालं की निम्मी वाडी काठावर येऊन बसते. २०१९च्या मे महिन्यात जेसीबीचं खोदकाम बघणाऱ्यांवर देशभर विनोद झाले, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं. मग बघायचं काय? तर कपच्या सुटतात, काठावरची मंडळी ओळीनं डोळे बारीक करतात, आणि एखादे तात्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरतात. ऊन अडवतात की दगड, ते त्यांनाच ठाऊक. ऑपरेटरची पद्धत वेगळी. तो मान जराशी तिरकी करतो. एवढ्यानं दगडाचा नेम चुकतो, असा त्याचा अनुभव आहे.

बकेट काढाय-घालायच्या वेळी पिना निघत नाहीत. मग घण येतो. लोखंडावर लोखंड हाणताना तिळाएवढा टवका उडतो, आणि दगडापेक्षा हा वाईट, कारण तो येताना दिसत नाही. पण तेव्हा चष्मा कुठं असतो? कपाळावरून घामानं घसरतो म्हणून डॅशबोर्डवर, गणपतीच्या पुढ्यात. गणपतीचे डोळे त्या काळात अत्यंत सुरक्षित असतात.

बकेटचे दात झिजले की ऑपरेटर रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो. वेल्डर काळी काच एका हातात धरतो आणि पहिला टाका नीट बसावा म्हणून काचेबाहेरूनच बघतो. ऑपरेटर त्याच्या खांद्यावरून बघतो. दात सरळ लागतोय का, हे बघायला नको? त्या प्रकाशाचं वैशिष्ट्य असं की तो लगेच काही म्हणत नाही. बिल रात्री येतं. दीड-दोन वाजता दोघंही आपापल्या घरी, डोळ्यात वाळू ओतल्यागत, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेले असतात आणि फोनवर एकमेकांना विचारतात, “तुलाबी व्हतंय का रं?”

कायदा याबाबतीत झोपलेला नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ यातलं कलम ३५ खास डोळ्यांसाठीच होतं: कण उडत असतील किंवा डोळे दिपवणारा प्रकाश असेल तर पडदा लावा, गॉगल द्या. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कारखान्याकारखान्यातून शपथ होते, छातीला बिल्ला लागतो. फक्त तो कायदा कारखान्याच्या गेटाच्या आतला होता. उसाच्या फडाला गेट नाही, विहिरीच्या काठाला तर नाहीच. ऑपरेटरचा भाचा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. चष्मा नसेल तर त्याला लाइनवर उभं करत नाहीत. मामाला त्याची दया येते. “परक्याची चाकरी म्हंजे अशीच,” म्हणतो.

बरं, चष्मा वाया गेला म्हणावं तर तसंही नाही. वहिनी कांदा चिरताना तो लावतात आणि गेल्या कित्येक महिन्यांत रडल्या नाहीत. आजी चुलीपुढं लावते. अण्णा तिन्हीसांजेला गाडीवरून येताना लावतात, कारण कालव्याच्या कडेला चिलटं आणि गाळपाच्या दिवसांत ट्रॉल्यांतून उडणारं पाचट. धाकट्यानं रंगपंचमीला तो लावून गल्ली गाजवली. घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचं त्यानं रक्षण केलंय, ज्यानं सही करून घेतला तो सोडून.

ऑपरेटर डोळे झाकतो असा एकच प्रसंग. ग्रामपंचायतीचा निकाल लागतो, निवडून आलेल्या पॅनेलला गुलाल उधळायला जेसीबी बोलावतात. त्या दिवशी मशीन धुतलेलं, ऑपरेटर पांढऱ्या शर्टात, आणि डोळ्यांवर बारामतीहून आणलेला काळा गॉगल, ‘यूव्ही’ लिहिलेला स्टिकर न काढता. बकेटमध्ये दगड नाही, माती नाही, निव्वळ गुलाल. समोर पाच-पन्नास मोबाईल. असा जामानिमा करून तो बकेट अलगद पालथी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघड्या डोळ्यांनी ब्रेकरवर.

शेवटी एकदा टवका लागतोच. पहिल्या दिवशी पदराच्या बोळ्याची ऊब. दुसऱ्या दिवशी गुलाबपाणी. तोवर बुबुळावरच्या लोखंडाच्या कणानं गंजाचं कडं धरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी बारामतीचा डॉक्टर भिंगाखाली तो कण आणि गंज खरवडून काढतो, वर पट्टी बांधतो आणि विचारतो, “चष्मा नव्हता का?”

“व्हता की,” ऑपरेटर म्हणतो आणि कपाळ दाखवतो.

डॉक्टरांनी आराम सांगितलेला. पण सुगीचे दिवस, मशीनचा हप्ता, आणि मालकाला चारी आजच हवी. “एका डोळ्यानं लेवल उलट ब्येस दिसती,” असं सांगून आपला माणूस पट्टीसकट केबिनमध्ये चढतो. लेवल दिसतही असेल. खोली दिसत नाही. दहा मिनिटांत बकेटचा दात मालकाच्या तीन इंची पाइपलाइनीत जातो, पाणी दोन पुरुष उंच उडतं आणि काठावरच्या मंडळींचं येणं सार्थकी लागतं.

मालक कपाळावर हात मारतात. ऑपरेटर मशीन बंद करतो, खाली उतरतो, फुटक्या पाइपेकडं चांगल्या डोळ्यानं बराच वेळ बघतो आणि म्हणतो, “मालक, पाइप वर गाडल्याली हाय तुमची. आन् जोडस्तवर मीटर चालू धरायचं का बंद, त्येवढं आत्ताच ठरवा.”