पंचेचाळीस दिवसांची गंमत

लघुउद्योजकाचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करा, असं 2006 चा कायदा म्हणतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ! सावकारानंही कान पकडावेत.

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये जाऊन हे मोठ्यानं वाचून दाखवा. लेथवरचा मालक हसेल. मशीन मात्र बंद करणार नाही, वीजबिल कुणासाठी थांबत नाही. त्याला ठाऊक असलेला कायदा वेगळा. कंपनीत माल उतरला, पण जीआरएन (माल मिळाल्याची पोच) निघालं नाही. जीआरएन निघालं, तर साहेब टूरवर. साहेब परतले, तर सिस्टीम डाऊन. इकडे त्याच बिलावरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात खिशातून भरायचा. न मिळालेल्या पैशांवरचा कर वेळेवर भरून हा माणूस सरकारला बिनव्याजी हातउसने देतो, आणि योजना निघतात त्या त्यालाच कर्ज द्यायच्या.

तक्रारीसाठी सरकारनं 'समाधान' पोर्टल काढलं. (नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.) अशा तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेनं 90 दिवसांत निकाल द्यावा, असं कायद्यातच लिहिलंय. तक्रार केल्यावर पुढची ऑर्डर कोण देणार, एवढं एकच कलम लिहायचं राहून गेलं.

लघुउद्योगांची किती बिलं थकवली, हे कंपन्यांना वार्षिक हिशेबात छापावं लागतं. पुढच्या वेळी शेअर घेण्याआधी तेवढा आकडा जरूर बघा.