आपण निष्क्रिय आहात

बल्लारपुरातल्या एका ऑनलाइनच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, घाम पुसत, दोन बोटांनी टाइप करत असताना मला कळलं की मी निष्क्रिय आहे. पडद्यावर तशी लेखी नोंदच आली: ‘आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे आपले सत्र समाप्त झाले आहे.’

निष्क्रिय! लेकीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज. (कागद गिरणीच्या गावात कागदावरचा अर्ज चालत नाही.) वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, मूळ गाव, मग तेच सगळं पुन्हा इंग्रजीत, न जाणो इंग्रजीतले आजोबा वेगळे निघायचे. हातात आजोबांची टीसी, तीही नेमकी गावाच्या नावावरच घडीला फाटलेली. म्हणून आईला फोन. आईचं आधी ‘जेवलास का’, मग शेजारणीचं ऑपरेशन, मग गावाचं नाव. सोळाव्या मिनिटाला मी बटण दाबलं आणि भरलेला अर्ज डोळ्यांदेखत कोरा झाला.

‘‘काका, तुम्ही इथं टाइप करता ते तिकडं दिसतच नाही ना जी,’’ दुकानातला पोरगा म्हणाला. ‘‘बटन दाबाल तेव्हाच त्याले समजते.’’

म्हणजे मी लिहिलेलं सगळं याच संगणकात बसून होतं, आणि तिकडचा सर्व्हर शेवटचं बटण कधी दाबलं तेवढंच धरून घड्याळ मोजत होता. पीएचपी भाषेत हे घड्याळ मुळात 1440 सेकंदांचं येतं, म्हणजे चोवीस मिनिटं. ते कमी करणारा कुणीतरी साहेब असतोच. तर या हिशेबाने वाचणारा निष्क्रिय, कागद शोधणारा निष्क्रिय, आईशी बोलणारा तर अट्टल निष्क्रिय. वर्धेच्या काठी गळ टाकून बसलेल्याचं सत्र केव्हाच समाप्त. आणि एक ओळ न वाचता पटापट ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ दाबत सुटलेला तो कर्तबगार नागरिक! बरं, मला आळशी म्हणणाऱ्याची स्मरणशक्ती बघा. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा रहिवास सिद्ध करायचा असतो. माझ्या घराण्याने साठेक वर्षं मागचं विसरायचं नाही, आणि यांनी पंधरा मिनिटांपूर्वी ‘स्वागत आहे’ म्हटलेल्या माणसाला विचारायचं, आपण कोण?

सुरक्षेसाठी, म्हणे. मान्य. दुकानातला संगणक मी उघडा टाकून गेलो तर पुढचं गिऱ्हाईक माझ्या नावाने काहीही करेल. लावा ना दार! पण लिहिलेलं राखून नुसता पासवर्ड पुन्हा मागायला काय धाड भरते? वेळ संपण्याआधी सांगावं, साधी एखादी कळ दाबून ती वाढवायला निदान 20 सेकंद द्यावेत, हे अपंगांनाही वेबपानं वापरता यावीत म्हणून केलेल्या जागतिक नियमांत 2008 पासून लिहिलेलं आहे. वीस सेकंद! इथल्या बल्लारशा स्टेशनात गाडीसुद्धा सुटण्याआधी भोंगा देते हो.

दुसऱ्या खेपेला मी टीसी मांडीवर, फोन बंद आणि दर पाच मिनिटांनी ‘जतन करा’, असा बसलो. अर्ज गेला.

‘‘साठ रुपये, काका.’’

‘‘अरे, भिंतीवर तीस लिहिलंय.’’

‘‘दोन सत्रं झाली ना जी.’’