चेहऱ्याचे किती टक्के?

आपल्याकडे टक्केवारीशिवाय कुठलंच सरकारी काम पूर्ण होत नाही, मग ॲसिडहल्ला तरी अपवाद कसा असेल? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या भरपाई योजनेत रीतसर तक्ताच आहे. चेहरा विद्रूप झाला तर सात ते आठ लाख. जखम पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर एक दर, खाली असेल तर दुसरा. म्हणजे बाटली फेकणाऱ्याने निदान मोजमाप घेऊन तरी फेकावी, पीडितेची कागदपत्रं सोपी होतील.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, किमान तीन लाख द्या आणि त्यातले एक लाख पंधरा दिवसांत द्या. पंधरा दिवस! पंधरा दिवसांत एफआयआरची प्रत, वैद्यकीय दाखला, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स एका फायलीत जमली तरी फटाके फोडावेत. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःची योजना आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘मनोधैर्य’. नाव अचूक आहे, फक्त ते धैर्य नेमकं कधी लागतं याचा खुलासा शासन निर्णयात नाही. बाईच्या पापण्या मिटत नाहीत, आणि खिडकीपलीकडून आवाज येतो, ‘फोटो आधारशी जुळत नाही, ताई.’

तरीही अर्ज कराच. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा, आणि आरोपी सापडलेला नसला तरी भरपाई मागता येते.